शटर खाली, बांगड्या बाहेर

६ ऑगस्ट, सोमवार
दुसऱ्याच्या शटरला हात लावायच्या आधी विचारायचं असतं, एवढीबी रीत या गावात उरली न्हाई. सकाळी किल्ली घेऊन गेले तर माझ्या बांगड्यांच्या दुकानाच्या शटरवर भला थोरला बाईचा हात. कोपरापर्यंत हिरवा चुडा. कुलूप नेमकं करंगळीखाली. कुणी काढला, तर चित्रकार पोरांनी. परवानगी कुणाची, तर आमचे चिरंजीव सुधाकर यांची. दुकान माझ्या सासूचं, मग माझं. ह्याचं कवा झालं?
रागाच्या भरात वर श्री लिहायचं राहिलं. आता लिहिते. श्री.
डायरी नातीला क्लासात फुकट मिळाली, तिनं मला दिली. "आजी, रोज चार ओळी लिही, डोकं शांत राहतं." बघू.

९ ऑगस्ट
चित्रवाल्या पोरीचं नाव सायली. नांदेडची. केस पोरासारखे, नखात रंग, मनगटं मोकळी. म्हणाली, "आजी, या गोल चौकातला, गोलाईतला, जुना बाजार जिवंत करायचा आहे. चित्रं, गाणी, दर रविवारी कार्यक्रम."
म्हटलं, मेला कवा होता?
म्हटलं खरं. पण गिऱ्हाईक सगळं क्लासच्या बाजूला गेलं, हे मलाबी दिसतंय. तिकडं मेस, होस्टेल, झेरॉक्स. बांगड्या कोण घालतंय.
सुधाकरनं ठरवल्यासारखंच केलंय. दिवाळीनंतर दुकानाची अभ्यासिका. मधे फळ्या, वर पंखे, पोरं तोंड मिटून वाचणार. "आई, किती दिवस माशा मारणार?"
माझ्या माशा, मी मारीन.

१२ ऑगस्ट, रविवार
लोकं आली! पोरी, जावई, म्हातारे, गाडीवाले, सगळे फोटो काढायला लागले. आन् सगळ्यांचं एकच, "आजी, जरा शटर खाली घेता का?"
दुकान उघडलं की हात गुंडाळून वर जातो ना. दुकान चालावं म्हणून चित्र, आन् चित्र दिसावं म्हणून दुकान बंद. एवढी शिकलेली पोरं, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्याबी आलं न्हाई, खोटं कशाला लिहू.
शेजारचे अत्तरवाले रहीमभाई सकाळपासून बंद करून बाहेर स्टुलावर. त्यांच्या शटरवर मोठी कुपी, तिच्यातून मोर निघालाय. "भाभी, तुम भी बंद कर दो. क्या रौनक है!"
"बोहनी झाली का?"
"वो तो नहीं हुई."
सुधाकर म्हणाला, "बघ, तुझं दुकान बंदच छान दिसतं." त्या बोलण्यानं जेवण गेलं न्हाई. म्हणजे एकच भाकरी.

१५ ऑगस्ट, पंचमी
दोन दिवस माहेरवाशिणी बांगड्या भरायला येतायत, दुकान उघडं ठेवलं. सणाला बाईचा हात मोकळा धाडला तर सासू वरनं शिव्या देईल.
नेमके सायलीचे साहेब बघायला आलते. पुढचे रविवार करायचे का न्हाई, त्यांच्या हातात. साहेबांनी गुंडाळलेल्या शटरकडं मान वर करून बघितलं आन् "छान, छान" म्हणाले. सायली रडायच्या बेतात. मी हसले. मग वाईट वाटलं. थोडं.

२ सप्टेंबर, रविवार
आज डोकं चाललं. सासू टोपली घेऊन दारोदार फिरायची, दुकान मागनं आलं. मग मला दुकानापुढच्या ओट्यावर बसायला काय झालं? सकाळी लागेल तेवढा माल बाहेर काढला, शटर खाली ओढलं आन् त्या थोरल्या हाताखाली टोपली मांडून बसले.
सायलीला म्हटलं, ये, बस.
"आजी, मला नाही आवडत बांगड्या."
"तुला आवडायला न्हाई, लोकांनी बघायला."
हात कसला, लाकूड. ताठ धरलेला. मग सासू म्हणायची ते आपोआप तोंडात आलं.
हात सैल सोड बाई, नको धरू गं ताठा
काचंचा गं जीव, त्याला मऊ मऊ वाटा
गाणं सरंस्तोवर चुडा चढला. वर बघते तर भोवती गर्दी, फोटो आमचेच. एक टवाळ ओरडला, "आजी, वरच्या हाताचं माप हाय का तुमच्याकडं?" म्हटलं, तिच्या नवऱ्याला घेऊन ये, मग काढते माप. सगळी गल्ली हसली.
सायली उठली, हात हलवून नुसता आवाज ऐकत उभी. आवडत नाही म्हणे.

१४ सप्टेंबर
उद्या गौरी. रांग रहीमभाईंच्या दारापर्यंत. त्यांनीबी शिकून घेतलं, शटर खाली, पेटी बाहेर. रांगेतल्या बायकांना अत्तराचं बोट लावतात. "पहले हाथ महकाओ, फिर भाभी के पास जाओ."
क्लासच्या पोरी आल्या! देगलूरची, भोकरची, शिरूर अनंतपाळची. होस्टेलात सण कसला, म्हणून आल्या. भोकरची पोर बांगडी चढताना रडली. दुखलं का? न्हाई म्हणाली, गेल्या गौरीला आईनं भरल्या होत्या. म्हटलं, मग रडू नको, हात सैल सोड. एक बांगडी जास्तीची घातली. गाणं दोनदा म्हटलं.

३० सप्टेंबर, रविवार
भूकंपाची तारीख. त्या पहाटे दुकानातल्या सगळ्या फळ्या एकदम खाली आल्या. काच फुटली म्हणायचं नसतं आमच्यात, वाढली म्हणायचं. त्या दिवशी आमचे मालकच फुटली म्हणाले. मी टोकलं न्हाई. पुढं कितीतरी महिने कुणी हात पुढं केला न्हाई.
आज गाणं नको म्हटलं सायलीला. पण भूकंपात पडलेल्या गावांकडची एक म्हातारी सून घेऊन आली. म्हणाली, "गाणं म्हणणारी तूच न्हवं? मग म्हण की." म्हटलं. तीबी म्हणाली. माझ्यापेक्षा बेसूर. बरं वाटलं.

७ ऑक्टोबर, रविवार
साहेबांनी दिवाळीपर्यंतचे रविवार दिले. पुढचं पुढं.
सुधाकर लांब उभा राहायचा, तो आज रांग लावत होता. "ताई, पुढं सरका. मावशी, अडीचचं माप संपलं, मागच्या दारानं आतून आणतो." अंगाला अत्तराचा घमघमाट. मी मान खाली घालून बांगड्या भरत राहिले. बोललं की पळतो.
जेवताना म्हणाला, "आई, उद्या अभ्यासिकेचा माणूस येणार हाय, शब्द मागायला. तू सांग त्याला काय ते."
मी कशाला? बोलावलं कुणी? उद्या सोमवार असला तरी मी ओट्यावर बसणार, नवरात्राच्या बायका येणारेत. त्या माणसाला तिथंच आणा, रांगेसमोर, थोरल्या हाताखाली. आन् हो का न्हाई ते सुधाकरनंच सांगायचं, मोठ्यानं, मागच्या बाईलाबी ऐकू जाईल असं. मला विचारू नका. माझं तोंड गाण्यात असेल.