अठ्ठावीस पायऱ्या, चार गुडघे

रोम, गुरुवार, दुपार

ती. फिलोमेना वन्सं यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, अदेलीनाचा, साष्टांग नमस्कार. त्या आठ अंगांतले दोन गुडघे तेवढे वजा धरावेत, कारण पुढे येईलच. तुमचा दमा कसा आहे? ओव्याची धुरी घेता का, की मी नाही म्हणून टाळता? आम्ही दोघं संत रोक्कोच्या दयेनं जिवंत आहोत आणि कमरेला शिवलेली पैशांची पिशवी अजून कमरेलाच आहे. पण जीव सगळा तिकडे, तुमच्याजवळ ठेवलेल्या आसुंतात अडकलाय. पोरीच्या पायांची सूज उतरली का? तिला गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ देऊ नका. सुईणबाई महिनाअखेर म्हणाली खरी, पण दारातून आडवं होऊन जावं लागतं एवढं पोट आल्यावर महिनाअखेरीचा भरवसा कोणी धरावा? काल रात्री मी तीनदा उठून माळ ओढली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तक्रार केली म्हणे.

रोमला जायची एकाएकी कसली हौस आली, असं निघताना तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, लग्नाला तीस वर्षं झाली, निदान एकदा रोम बघावं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुमच्यापासून मी सहसा काही लपवत नाही (पिठाच्या डब्यामागची बाटली सोडली तर, आणि ती तुम्हाला सापडलीच), म्हणून आता सांगते. आसुंताच्या लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा हलेना, तेव्हा गेल्या वर्षी मी नवस बोलले, की पोरीला दिवस गेले तर मूल जन्मायच्या आत तिचा बाप रोमला जाऊन पवित्र जिन्याच्या अठ्ठावीसही पायऱ्या गुडघ्यांवर चढेल. बाप का, मी का नाही, असं तुमच्या मनात येईल. वन्सं, ज्याला ज्याचा सराव. तुमच्या भावाचा जन्म गुडघ्यांवर बसून फरशा आणि पायऱ्या बसवण्यात गेला. मला वाटलं, त्या गुडघ्यांना हे काम नवं नाही. शिवाय खाली शिदोरीची पिशवी सांभाळायला कोणीतरी हवंच.

यांना मात्र मी बोलले नव्हते. बोलले असते तर हे घराचा उंबरा ओलांडते ना. कासिनो स्टेशन मागे पडलं, म्हणजे उतरून परत फिरायची सोय उरली नाही, तेव्हा गाडीत सांगितलं. हे अंड्याचा पोळा घातलेला पाव खात होते. घास नीट चावून गिळला आणि म्हणाले, "नवस तुझा आणि गुडघे माझे?" मी म्हटलं, "अहो, पोरगी दोघांची आहे." त्यावर यांनी तोंड खिडकीकडे केलं ते रोम येईपर्यंत इकडे वळवलं नाही. पोळा उरला होता, तो मी कागदात बांधून ठेवला. तो दुसऱ्या दिवशी उपयोगी पडला.

रोमबद्दल काय लिहू? मी फार काही पाहिलेलं नाही, कारण सबंध वेळ मी यांना पाहत होते. दगड दिसला की तुमचे भाऊ थांबतात, आणि इथे दगडाशिवाय काहीच नाही. ट्रामच्या रुळांत उभं राहून देवळाच्या खांबाचे सांधे बघत होते, ट्रामवाला घंटा वाजवून थकला. त्या मोठ्या पडक्या गोल रंगशाळेपुढे अर्धा तास उभे होते आणि शेवटी म्हणाले, "कंत्राटदार पळाला असणार." कारंज्यात लोक धडधडीत नाणी टाकतात आणि कोणी काढत नाही, हे पाहून मला पाणी प्यावंसं वाटेना. आम्ही जिथे उतरलोय तिथल्या सिस्टर लोकांचं सूप इतकं पारदर्शक आहे की ताटलीच्या तळावरची वेल मोजता येते, पण स्वच्छता आहे आणि आठला कडी लागते, ते मला बरं वाटतं.

तर काल, बुधवारी सकाळी, जिना. तुम्ही चित्रात पाहिला असेल. प्रभू ज्या पायऱ्यांवरून न्यायासाठी पिलात सुभेदारासमोर गेले त्या, वर अक्रोडाच्या फळ्यांनी मढवलेल्या, आणि लोकांच्या गुडघ्यांनी त्या फळ्यांना ताटलीएवढे खोलगे पडलेले. नियम एकच. चढायचं ते गुडघ्यांवर, उभं राहायचं नाही, मागे फिरायचं नाही, प्रत्येक पायरीला प्रार्थना, आणि उतरायचं ते बाजूच्या जिन्यानं. मी यांचा कोट, टोपी आणि पिशवी घेऊन खाली उभी राहिले. पहिल्या पाच पायऱ्या हे असे चढले की मला अभिमान वाटला. सहाव्या पायरीला थांबून फळीवर बोटानं ठकठक केलं. मी खालून खाकरले. आठवी, नववी, दहावी. अकराव्या पायरीवर जे थांबले ते थांबलेच. आधी वाटलं, भक्ती दाटून आली. मग वाटलं, परत दगड बघतायत. मग यांनी मान न वळवता एक हात मागे केला आणि बोटं हलवली, म्हातारा बैल शेपूट हलवतो तशी. वन्सं, डावा गुडघा धरला होता. पुढे जाईना, मागे येईना.

यांच्या मागे रांग लागली. सगळ्यात जवळ नेपल्सची एक म्हातारी होती, ऐंशीच्या घरातली, त्या दिवशीची तिची दुसरी खेप. ती काय बोलली ते मला खालपर्यंत ऐकू आलं. "काय हो, चढताय की इथेच बिऱ्हाड करताय?" हे म्हणाले, "मावशी, बाजूनं पुढे व्हा." "बाजूनं जायला ही काय मासळीबाजारातली गल्ली आहे? देवाघरची वाट आहे." देखरेखीवरचे धाकटे पाद्री बाजूच्या जिन्यानं धावत आले. वाकून म्हणाले, आजोबा, हात द्या, तुम्हाला इकडून उचलून घेतो, देव समजून घेईल. तर तुमचे भाऊ, जे वर्षातून दोनदा देवळात जातात आणि त्यातल्या एकदा छत गळतं म्हणून, ते म्हणाले, "उचललंत तर मोजलं जाणार नाही. पोरीचं बाळंतपण आहे."

मी खाली उभी राहून काय करणार? वर जायचं तर मलाही गुडघ्यांवरच जायचं होतं. नवा काळा झगा, एका हातात कोट, दुसरा पायरीला टेकलेला, डोक्यावर यांची टोपी (पिशवी दातात धरली होती, हात कुठे होता), अशी मी अकरा पायऱ्या चढले. प्रार्थना म्हटल्या, पण मनातल्या मनात, पिशवीमुळे. यांच्यापाशी पोचल्यावर कळलं, की आता मलाही मागे फिरता येत नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलीस?" त्या एका शब्दात तीस वर्षांचा सूड होता.

मग मी खांदा लावला. हे हात टेकून एक पायरी, मी मागून रेटून एक पायरी. म्हातारीला दया आली की घाई झाली, कोण जाणे, पण तिनं झग्याखाली हात घालून लोकरीची जाड गादी काढली आणि यांच्या डाव्या गुडघ्याखाली सरकवली. दोन्ही गुडघ्यांना बांधून आली होती. मी बघत राहिले तर म्हणते, "भक्ती वरून, लोकर खालून. नाहीतर मी ऐंशीची झाले असते का?" मग तीच आम्हाला ओलांडून पुढे सरकली आणि बघता बघता वर पोचली. विसाव्या पायरीला माझ्या लक्षात आलं, की हे प्रार्थना म्हणतच नाहीयेत. प्रत्येक पायरीवर डोळे मिटून हळूच "आसुंता" म्हणत होते. मी कुजबुजले, "अहो, प्रार्थना म्हणा." म्हणाले, "मला एवढीच येते." मग मी पुन्हा खांदा लावला. अठ्ठाविसावी पायरी गाठायला आम्हाला पावणेदोन तास लागले. वर बसून तो उरलेला पोळा खाल्ला.

आता माझं दुखणं ऐका. नवस यांनी फेडायचा होता. मी रेटलं ते चालतं का? उसनी गादी चालते का? आणि प्रार्थनेच्या जागी पोरीचं नाव? मी तिथल्याच एका फादरना विचारलं. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, घरी जाऊन जेवा." हे काही उत्तर झालं का? मी शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली बाई आहे, मला नीट उत्तर दिलेलं कळतं. नवस अर्धामुर्धा गेला आणि पोरीला काही झालं, तर मी तोंड कोणाला दाखवू? रात्रभर हाच विचार. आसुंताच्या उशाखाली संत आन्नाचं चित्र आहे ना, ते हलवू नका. आणि तिला यातलं काही सांगू नका.

तुमची,
अदेलीना

ता. क. खरं काम असं. आपले पाद्री डॉन एउसेबियो शनिवारी तुमच्याकडे कॉफीला येतात, तेव्हा खालच्या गावातल्या कुणा बाईची गोष्ट म्हणून हे तिन्ही प्रश्न त्यांना विचारा. आमचं नाव घेऊ नका. टोपीचा उल्लेखही नको, लगेच ओळखतील. ते "चालत नाही" म्हणाले तर यांना परत इथे आणावं लागेल. हे म्हणतात, त्यापेक्षा तुरुंगात जाईन.

ता. क. २. रविवारी संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर शेजारच्या रोक्कोचं खेचर पाठवा. खरं तर दोन पाठवा. स्टेशनापासून आपल्या दारापर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत, त्या सगळ्या तुमच्या भावानं स्वतः बसवल्यात, आणि काल रात्रीपासून ते बसवणाऱ्याला शिव्या देतायत.

ता. क. ३. पाकीट डकवणार तेवढ्यात सिस्टरनी तुमची तार आणून दिली. "काल रात्री दोन मुली. आसुंता सुखरूप. जपमाळा आणू नका, गोधड्या आणा." वन्सं, मी ती तार चारदा वाचली आणि आधी रडले. मग माझ्या लक्षात आलं, की नवस एका मुलाचा होता आणि जिना दोघं चढलो. एका पोरीला यांचे गुडघे, एका पोरीला माझे. रेटलं बिटलं काही उरलंच नाही. डॉन एउसेबियोंना काही विचारू नका, उगाच नवी शंका काढतील. खेचरं मात्र दोनच. मी यांना हे सगळं समजावून सांगितलं. यांनी बराच वेळ गुडघा चोळला आणि म्हणाले, "ती म्हातारी पुढे निघून गेली ते बरं झालं. तिनं पण रेटलं असतं तर तिघी झाल्या असत्या."