डॉक्टरीणबाईंचं गरम जेवण

प्रिय डॉक्टर,

तुला आणि वहिनींना नमस्कार. गुडघा काय म्हणतो? लेकीच्या घरी जिने फार आहेत म्हणे. सावकाश चढ, आता तुला बोलवायला कुणी धावत येत नाही. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि खरी अडचण तीच आहे.

तू गेल्यावर दोन वर्षं दवाखान्याला कुलूप होतं. मध्ये एक तरुण डॉक्टर बघायला आला, पण गोठ्यांचा वास आला तसा आल्या गाडीने परत गेला. शेवटी ही पोरगी आली (पोरगी म्हणजे डॉक्टरच, पण माझ्या धाकटीच्या वयाची, तोंडावर आम्ही बाईच म्हणतो). आता निघताना तू काय म्हणाला होतास, आठवतं? म्हणे, आयुष्यात एकदा तरी ताटावरून कुणी न उठवता गरम जेवायचंय. तू हसत म्हणालास, गावाने मात्र मनाला लावून घेतलं. माझ्याच दुकानात बियाण्यांच्या पोत्यांवर बसून ठरलं, की हिला जपायचं. अगदी जिवावर बेतल्याशिवाय हिच्या दारात कुणी जायचं नाही.

झालं! एरवी आपल्या लोकांचं कशावर एकमत होईल तर शपथ, पण हे पाळलं. ट्रॅक्टरवाला चेचलेल्या बोटाला चिंधी बांधून हिंडला. माझा खोकला तर तुझ्या ओळखीचा; मी गुपचूप गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने माझं वजन विचारलं आणि वासराच्या हिशेबाने बाटली दिली (गुण आला नाही; रवंथही अजून सुरू झालेलं नाही). दवाखान्यापुढून आम्ही श्वास रोखून जातो, आणि बाईंनी विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, मजेत!

परवा ती दुकानात आली आणि रिकामी खोकी मागितली, पुस्तकं भरायला. म्हणजे बाई गाव सोडणार! मग हळूच विचारते, काका, माझ्या हाताला गुण नाही का हो? मी सांगणारच होतो, तर नेमकी खोकल्याची उबळ आली. दाबून धरली, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिला वाटलं, मी निरोपाचं रडतोय. तिचेही डोळे भरले, आणि खोकी उचलून ती गेली. ती जायला नको आहे मला. औषधासाठी म्हणत नाही. दवाखान्याची खिडकी उघडी दिसली की बरं वाटतं, एवढंच.

वहिनींना सांभाळ.

तुझाच,
बियाणेवाला

ता. क. खरं काम हे. तू तिला फोन कर आणि सांग, की ही माणसं इतकी निरोगी कधीच नव्हती, तुला जपायला सोंग करतायत. तुझं ती ऐकेल. आमच्यावर कशाला विश्वास ठेवेल?

ता. क. २. फोन राहू दे. पत्र टाकायला निघालो आणि दवाखान्यापुढेच उबळ आली, दाबता दाबेना. ती धावत बाहेर आली, दंडाला धरून आत नेलं, छाती तपासली, आणि वासराचं औषध ऐकल्यावर थेट तुझ्यासारखी ओरडली. घाबरून मी सगळं ओकलो, कुणाचं काय दुखतंय तेसुद्धा. दुपारी रांग रस्त्यापर्यंत आली होती. खोकी दुकानात परत आली आहेत. बायकोने तिला पाठवलेला डबा उघडायला चार वाजले. गारढोण जेवली, आणि म्हणाली, इथे आल्यापासून इतकी भूक कधी लागली नव्हती.

तू मात्र एकदा ये. तुझं ताट गरम ठेवतो.