सून दीपमाला हिला बाळाजवळ जाऊ देणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मातोश्री कुंताबाई बाल रुग्णालय, जि. भंडारा

विषय: सुनेचा जप्त केलेला पास परत मिळणेबाबत.
संदर्भ: खिडकीवरील तोंडी नकार, दि. १६ व १७.

महोदय,

१. अर्जदार सत्यभामाबाई पुंडलिकराव मोटघरे, रा. अड्याळ, ता. पवनी, हिची नात दीड महिना आधीच जन्मली असून आपल्या काचेच्या खोलीत नाकातल्या नळीने दूध घेते. तिला चोखता येते, गिळता येते, श्वासही घेता येतो. तिन्ही एकाच वेळी जमत नाही. सिस्टरबाईंनी सुनेला बाळ छातीशी धरायला लावले आणि पोरीने चार घोट स्वतः घेतले. त्या दिवशी अर्जदाराने अख्ख्या व्हरांड्याला साखर वाटली.

२. दि. १४ रोजी सून जेवायला गेली असता अर्जदार तिचा पास घेऊन, तोंडाला मास्क लावून आत शिरली व गुळाच्या पाण्याचे बोट बाळाच्या जिभेला लावले. चव लागली की लेकरू ओढते, अशी अड्याळची रीत. बाळ ठसकले, निळे पडले. डॉक्टरांनी वाचवले. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

३. जप्त मात्र झाला सुनेचा पास. दि. १५ रोजी झेंडावंदनामुळे खिडकी बंद. नंतर पासच्या खिडकीवरचे भय्याजी बाबू म्हणाले, "बाळ तोंडानं प्याले लागलं का नवा पास भेटते." सिस्टरबाई म्हणतात, "माय जवळ नसन तं ते शिकन कसं?" आणि तोंडाने पुरते प्यायल्याशिवाय सुट्टी नाही, असा दारावर फलक आहे. अर्जदार खिडकी ते दार फेऱ्या मारते आहे. पोर आत अडकली आहे, माय बाहेर.

४. सून वाटीत दूध काढून आत पाठवते. काल म्हणाली, "आई, आता दूध येऊन नाही राहिलं जी." गुळाबद्दल तिने अर्जदारास एक शब्द विचारला नाही. भांडली असती तर बरे झाले असते.

५. सबब, अर्जदाराचे नाव फाटकावर लिहून तिला कायमची मनाई करावी. नात घरी येईपर्यंत अर्जदारास तिचे तोंडही दाखवू नये. तक्रार राहणार नाही. सुनेला मात्र आजच आत घ्यावे.

चूक कबूल असलेली,
सत्यभामाबाई पु. मोटघरे
दि. १७ ऑगस्ट २०१६

सोबत: आज सकाळचे दूध, झाकून. परवा हीच वाटी अर्धी भरत होती, आज तळ जेमतेम झाकला आहे. अर्ज वाचण्यास अवकाश असल्यास वाटी आधी आत पाठवावी. बाळाची वेळ झाली आहे.