डाव्या पायाची शीर

११ फेब्रुवारी १९८७
मॅलकी टूही पुन्हा पेपरात! अर्धं पान. घोड्यांचा ट्रेनर म्हणून सोळा वर्षांत सातशे शर्यती जिंकल्या म्हणे. कार्लो गावच्या तबेल्यात आम्ही दोघं बरोबर लीद उपसायचो. लगाम चढवायला त्याला मी शिकवलं – ते कुठे छापलंय? आज त्याच्याकडे एकशे चाळीस घोडे, माझ्याकडे नऊ.
ब्रीडा म्हणाली, "नवरोजी, तो पेपर चुलीत घाल. चहा निवतोय."

२ मार्च
स्लेनी बॉय घोड्याच्या मालकीण मिसेस डेव्हेन आल्या. हातमोजेही काढले नाहीत. "लॉर्कन, मनाला लावून घेऊ नकोस. ईस्टरची अडथळ्यांची मोठी शर्यत आहे. स्लेनी बॉयला मॅलकीकडे पाठवते."
माझ्याकडचा एकुलता एक चांगला घोडा! तीन वर्षं राबलो त्याच्यावर. म्हटलं, "तुमची मर्जी."
कठीण जमिनीवर त्याच्या पुढच्या डाव्या पायाची शीर तापते, हे नाही सांगितलं. सूज दिसत नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या बांधून मीच सांभाळायचो. कळू दे की त्याचं त्याला. एवढा मोठा ट्रेनर!

२९ मार्च
चर्चमधली मिस्सा आटोपून बाहेर पडलो तर मॅलकी. पाठीवर थाप! "काय रे म्हाताऱ्या, घोडा झकास घडवलायस. काही खोड असेल तर सांग हं."
"खोड? गाजरं फार खातो."
खो-खो हसला. घरी जेवण गेलं नाही मला.

१२ एप्रिल
दहा दिवस पाऊस नाही. जमीन विटेसारखी.

१८ एप्रिल, शनिवार
ब्रीडाला सांगून टाकलं. तिने हातातलं फडकं आपटलं. "भर उडीत शीर तुटली तर? जॉकीला दोन लेकरं आहेत, लॉर्कन! उचल तो फोन."
उचलला. पलीकडून – "हॅलो, टूही बोलतोय." मागे माणसांचा हसण्याचा गलका. काय खूश होता! मी रिसीव्हर कानाला धरून उभा. तो म्हणाला, "लॉर्कन? तूच ना?"
पायाचं न सांगताच ठेवून दिला.

२० एप्रिल
रेडिओवर आत्ताच सांगितलं. स्लेनी बॉय आजच्या शर्यतीत पळणार नाही. ब्रीडाने छातीवर क्रूसाची खूण केली. मग माझ्याकडे न बघता चुलीकडे वळली.

२१ एप्रिल
मिसेस डेव्हेनचा फोन. रडत होत्या. "मॅलकीने सगळं सांगितलं. शनिवारी तू फोन करून पायाचं बोललास, म्हणून त्याने पाय तपासून घेतला आणि घोडा वाचला. परत तुझ्याकडेच पाठवते."
मी 'बरं' म्हटलं.