पालथी होडी

बाळकुम, ठाणे
१२ जुलै २०२५

प्रिय वर्षाली,

सप्रेम नमस्कार. विठ्ठलवाडीला सगळे मजेत असतीलच. इथे माझे गुडघे मजेत नाहीत, आणि त्याची संपूर्ण जबाबदारी शिक्षणव्यवस्थेवर आहे. चार महिने त्या बालवाडीच्या प्रत्येक मीटिंगला मला बदकाचं चित्र असलेल्या खुर्चीत बसवलं गेलं. पन्नाशीच्या माणसाने हनुवटीला गुडघे टेकवून कलेवर बोलायचं, आणि समोरच्यांनी ते हसू दाबून ऐकायचं. या अन्यायाची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

व्हॉट्सॲपवर तू उत्तर देत नाहीस. पत्राला निळ्या खुणा येत नाहीत, म्हणून पत्र.

काम काय होतं ते तुला ठाऊक आहे. टॉवरांच्या मधल्या अंगणात मुलांना खेळता येईल असं काहीतरी ‘कलात्मक’ करायचं. पालकांना डायनोसॉर हवा होता. आपल्या खाडीत डायनोसॉर कुणी पाहिलेला नाही, असं सांगून मी मालूकाकींकडे गेलो आणि तुझ्या बाबांची, धाकूकाकांची, होडी मागितली. “ने रं बाबा,” तुझी आई म्हणाली, “हितं नुसती कुजते. पोरां तरी बसतील तिच्यान.” तू फोनवर म्हणालीस, “रंगात कंजूसपणा केलास तर बघ.”

रंग नीट दिला गं. निळा, पिवळा, काठाला लाल, काका द्यायचे तसाच. मग मुख्याध्यापिका समृद्धी मॅडम म्हणाल्या, “सर, पावसात आत पाणी साचेल. डास होतील. पालक लगेच ग्रुपवर फोटो टाकतात.” मी हुशारी केली. होडी पालथी घातली, चार खांबांवर टेकवली, आतून घुंगरं टांगली. मुलांना गुहा मिळाली, मॅडमना कोरडं अंगण, मला टाळ्या.

उद्घाटनाला तू फाटकापर्यंत आलीस, ते मी पाहिलं. मघापासून खुर्चीबिर्ची काय सांगतोय, ते हेच टाळायला. तू होडीकडे बघितलंस आणि तशीच वळलीस. मी माजी नगरसेवकांच्या हातात कात्री देण्यात फार गुंतलोय असं दाखवलं.

आपण सातवीत होतो. खाडीत होडी पालथी दिसली आणि काका कुठेच दिसेनात. तू बांधावर माझी बाही धरून बसलीस. रडली नाहीस, फक्त परत परत विचारत होतीस, “इसराम, ती सरळ कधी होईल रे?” संध्याकाळी काका पुलावरून चालत आले, चिखलाने माखलेले, जाळं गेलं म्हणून अख्ख्या गावाला शिव्या देत. त्या शिव्यांइतकं गोड मी पुढे काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या कुणी ती होडी पालथी घातली असती तर तू चार शब्द सुनावून मोकळी झाली असतीस. पण त्या दिवशी तुझ्या शेजारी मीच बसलो होतो.

सोमवारी माणसं लावून होडी सरळ केली. घुंगरं आता काठाला आहेत. “आणि पाणी?” मॅडमनी विचारलं. म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. तरीही ती तिथे नकोच असेल तर तसं कळव, मी मालूकाकींच्या दारात आणून ठेवीन. वाद घालणार नाही. मी वाद घालणार नाही म्हणतोय, यावरून काय ते समज.

काका आपल्याला पलीकडे न्यायचे, त्याचं भाडं म्हणजे होडीतलं पाणी उपसणं. तू करवंटीने सपासप उपसायचीस आणि मी मोठा विचारवंत असल्यासारखा ढगांकडे बघत बसायचो. “ह्याचा हिस्सा बाकी हाय हां,” काका म्हणायचे.

काल पाऊस चांगला झाला. आज सकाळी मुलं यायच्या आधी गेलो, डालड्याचा जुना डबा घेऊन आत बसलो, आणि तळाची फळी दिसेपर्यंत उपसलं.

तुमच्या होडीतला,
विश्राम