आईच्या आधी दिलेलं उत्तर

जीवन,

तुझ्या आईला पुन्हा तपासणीला घेऊन गेलो आहे. मागून येऊ नकोस.

काल तपासणीत नर्सबाईंनी तिला कोणता महिना चालू आहे ते विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "तिला काही कळत नाही." त्यांनी तेच लिहिलं. त्या कागदाच्या जोरावर तू तिला वृद्धाश्रमात ठेवणार? लाज वाटली मला. ती विसरते, कबूल. पण लकव्याने जीभही जड झाली आहे. तू उठून गेल्यावर ती म्हणाली, "भादवा." उशिरा, पण बरोबर.

माझ्या वर्गात सतराच्या पाढ्याला तू अडायचास, तेव्हा अख्खा वर्ग गप्प बसवून मी तुझ्यासाठी थांबायचो. आईसाठी तुला दहा आकडे मोजवले नाहीत.

तुझ्यासाठी पेज झाकून ठेवली आहे.

बाबा