एका डोळ्याचा मेंढपाळ

केशोरी, २ नोव्हेंबर १९५९

दुधराम फौजेत जाणार म्हणतो! ओवाळणीचं ताट अजून माझ्या हातात, आणि हा सांगतो – "बाई, तुही भाऊबीज पुढच्या साली. पगारातून!" लडाखमध्ये चिन्यांनी आपले पोलीस मारले, तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय.

मायनं मला परसात ओढलं. "तू बी.ए. झाली न? मंग समजव त्याले. एकच पोरगा हाय मले."

समजावीन. शिकले कशासाठी?

५ नोव्हेंबर

नागपूरच्या साप्ताहिकातले 'सीमादर्शीं'चे लेख त्याला वाचून दाखवते. युद्ध नको, बोलणी करा. किती शांतपणे लिहितात! कुठली खिंड कधी बर्फानं बंद होते, पेकिंगमध्ये कोणाचं वजन वाढलं – सगळं ठाऊक. एका माणसाला इतकं कसं कळतं? मला असं लिहिता येईल?

दुधराम ऐकून घेतो. मग खिशातून हिंदी दैनिकाचा कागद काढतो, अर्जुनीच्या राईस मिलमधून आणलेला. "ऐक आता माह्यावाला पंडित!" त्याचे पंडित 'प्रहरी'. त्यांच्या मते बोलणी म्हणजे भेकडपणा.

बाबा ओसरीवरून ओरडले, "घरात पार्लमेंट भरून राहिली! बैलाइले कुटार कोन टाकन?"

९ नोव्हेंबर

बरोबरी. माझं एक वाक्य, त्याचं एक. माय बिचारी दोघांच्या तोंडाकडे बघते.

१२ नोव्हेंबर

विचित्रच! सीमादर्शींच्या लेखात लडाखचा एक म्हातारा मेंढपाळ आहे. एक डोळा गेलेला, जवळ तीन याक. लेखकाचा हात धरून म्हणतो – आम्हाला लढाई नको, कुरण हवं. आज प्रहरींच्या लेखात तोच म्हातारा! डोळा एकच, याक तीनच. पण हा हात धरून बंदूक मागतो.

"जुळे भाऊ असतीन," दुधराम म्हणाला. पोट दुखेपर्यंत हसलो. मग माझं हसू थांबलं. मेंढपाळ दोन – की लेखक एक?

१९ नोव्हेंबर, गोंदिया

मामांकडे आले. कारण – इथल्या वाचनालयात सीमादर्शींचं व्याख्यान! सभेत बायका आम्ही दोघीच, मी आणि मामी. बारीक आवाज, गळ्यात मफलर, मधूनमधून खोकला. टाळ्या खूप पडल्या. मामी म्हणाली, "चल आता." मी नाही हलले. दोन्ही कात्रणं त्यांच्यापुढं धरली. वाटलं, रागावतील.

हसले! "गोंदियातच सापडायचं होतं. इथले लोक दोन्ही भाषा वाचतात ना!"

"आणि मेंढपाळ?"

"दिल्लीच्या एका अभ्यासमंडळाचं पत्रक येतं, त्यातला तो. एक डोळा, तीन याक – एवढंच होतं. काय म्हणाला ते नव्हतं."

"म्हणजे तुम्ही लडाखला –"

"मी दमेकरी माणूस, बाई. मला रामटेक चढवत नाही! हे पाहा, मराठी संपादकांना शांतता लागते, हिंदीवाल्यांना जोश. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेतच की."

आहेत, हे खरं. म्हणून विचारलं – मग तुमचं स्वतःचं मत काय?

त्यांनी चष्मा पुसला. "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं."

आणि मफलर सावरत निघून गेले.

राग यायला हवा होता. आला नाही. डोक्यात एकच – मी तरी दुधरामला कधी विचारलं?

२१ नोव्हेंबर, केशोरी

खळ्यावर जाऊन दुधरामला सगळं सांगितलं. वाटलं, जिंकले. तो म्हणाला, "मंग तुह्यावाला बी तोच न?"

दोघांचेही पंडित गेले. आता बोलायचं काय? मग विचारलं, "कायले जाऊन राहिला तू? पेपरातलं नको. तुझं सांग."

धानाच्या पेंढ्या रचता रचता तो बोलू लागला.

"तू नागपूरले गेली तवा मी सातवीत होतो. बाबा म्हने, दोघाइचं शिक्सन नाही जमत. मी शाळा सोडली. राग नाही, बाई. पन तुह्ये पत्रं येवाचे – कालेज, लायब्ररी, सिनेमा. मी वाचून दाखवो मायले. मले बी जाऊन पाहाचं हाय काही. रेल्वेवाल्यानं घेतलं असतं तं रेल्वेत गेलो असतो. फौजवाले लवकर घेतात."

"आणि चीन?"

"चीन मी कुठं पाहिला!"

आम्ही रोज लडाखवर भांडत होतो. तो केशोरीबद्दल बोलत होता. माझ्याबद्दल.

२४ नोव्हेंबर

दुधराम पहाटे भरतीला गेला. माय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "नाही न ऐकलं त्यानं तुहं?"

ऐकलं. जा, असं मीच म्हटलं.